चार चकत्या

अच्छाड,
५ जानेवारी २०१९

ती. हिरकणीताईस,
महादेवचा शि. सा. न.

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुला काही म्हणता काही ऐकू येत नाही, तेव्हा हे पत्रांचंच बरं. लाहू मिरचीच्या टेम्पोतून तुझं पत्र आणून तलासरीच्या किराणा दुकानात ठेवतो. पंक्चरच्या दुकानातून सवड मिळाली की मी जाऊन उचलतो, माझं तिथे ठेवतो. दोन-तीन दिवस मागेपुढे होतात, एवढंच.

सोबत गुळगुळीत प्लास्टिकच्या चार चकत्या पाठवल्या आहेत. इथे हायवेवर एक जण विकतो. पहारीने कपाटाचा एकेक पाय उचलून खाली एकेक चकती सरकव. मग भाऊजींचं ते सागवानी धूड तू एकटी ढकलशील. मागची वाळवी झाडायला पुतण्यासमोर, त्या जतीनसमोर, तोंड वेंगाडायला नको.

भूकंपाचे धक्के अजून बसतात म्हणे. सगळं गाव ताडपत्रीखाली झोपतं, तूही झोपत जा. उत्तर लवकर धाड. माया आहे तशी असू दे.

तुझा,
महादेव


कैनाड,
१० जानेवारी २०१९

चि. महादेव यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चकत्या बसवल्या. काय सांगू, तांदळाचे डबे आणि तांब्याची भांडी आत असूनही कपाट पोरीसारखं फुगडी घालतं! ठकी शेजारून बघायला आली, तिने तोंडात बोट घातलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्याच्यामागची भिंत पाहिली. वाळवी हातभर चढली होती, रॉकेल घालून मारली.

एक मात्र झालं. परवा दुपारी मी जेवत होते. मला काही धरणीची गडगड ऐकू येत नाही, म्हणून मी समोर तांब्या भरून ठेवते. त्यातलं पाणी हललं की समजायचं. तर पाणी हललं, आणि बघते तो कपाट आपलं आपण भिंत सोडून चार बोटं पुढे आलेलं. माझ्याकडेच. हसू आलं आणि अंगावर काटाही आला. चुन्याने पायाशी खूण केली आहे.

मागच्या पडवीची भिंत फुगली म्हणून जतीनने तिकडचं दार विटांनी बुजवून टाकलं. आता एकच दार. ताडपत्रीखाली मी जाणार नाही. थंडी फार, आणि रिकाम्या घरांतून भांडी जाऊ लागली आहेत. तू आपला हायवेवर जपून राहा.

तुझी,
ताई


अच्छाड,
१४ जानेवारी २०१९

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र काल मिळालं. वाचून हातातला पाना खाली पडला. चूक माझीच. जमीन हलते तिथे एवढ्या जड वस्तूखाली चाकासारखं काही घालायचं नसतं, हे मला, गाडी घसरू नये म्हणून दिवसभर चाकाखाली दगड लावणाऱ्याला, सुचू नये? धक्क्यात ते तुझ्या अंगावर यायला वेळ लागणार नाही.

चकत्या ताबडतोब काढ. पत्र मिळेल त्या घटकेला. मला विचारत बसू नकोस, जतीनची वाट बघू नकोस. मोठी बहीण म्हणून आयुष्यभर तू मला ऐकवलंस, एकदा माझं ऐक. रविवारी मी येतोच आहे. तोवर जपून राहा, आणि धाकट्यावर राग धरू नकोस.

तुझा,
महादेव


कैनाड,
१४ जानेवारी २०१९

चि. महादेव यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उद्या संक्रांत, म्हणून लाहूबरोबर तिळगूळ पाठवते आहे. दात सांभाळून खा, पाक कडक झाला आहे.

तुझ्या चकत्यांचा आणखी एक उपयोग सापडला. धक्क्यांनी दाराची चौकट वाकली, कडी काही केल्या बसत नाही. परवा शेजारच्या रूपीचा हंडा गेला. म्हणून मी दिवेलागणीला कपाट सरकवून दाराला आतून लावते आणि सकाळी परत भिंतीशी नेते. दार आत उघडतं, तेव्हा कपाटामागे पहारीची टेकण दिली की बाहेरून दहा माणसं लागली तरी हलायचं नाही. चोराची आई रडेल! धक्का जाणवला तर झटकन बाजूला करता येतं, तेव्हा तू काळजी करू नकोस. चकत्या आहेत तोवर मला कुणाची गरज नाही.

तुझी,
ताई


कैनाड,
१७ जानेवारी २०१९, सकाळ

चि. महादेव यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल लाहू उशिरा आला. मी दार लावून बसले होते, त्याने तुझं पत्र खिडकीच्या गजातून दिलं. त्याच्या खिशात वरची तारीख तेवढी पुसली गेली होती. माझं चौदा तारखेचं तुला मिळालंच असेल. कपाट मी दाराला लावते हे वाचूनही तू चकत्या काढ म्हणालास, म्हणजे नीट विचार करूनच म्हणाला असशील. दारात ते जागचं हललं नाही तर बरंच, असं मलाही वाटलं. तू एवढं कळवळून लिहिलंस, मग मी सकाळची वाट पाहिली नाही. तिथल्या तिथे पहारीने एकेक पाय उचलून चारही काढल्या आणि पुन्हा मोह नको म्हणून चुलीत घातल्या. घरभर घाण वास सुटला.

आता सकाळी सरकवायचं कसं, हे शेवटची चकती जळाल्यावर डोक्यात आलं. बघ तुझी ताई! शेवटच्या पायाला पहार निसटून मनगटावर बसली, हात भाकरीसारखा सुजला आहे. हे डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. आतले डबे काढायचे तर कपाटाची कुलपं उजव्या हाताशिवाय फिरत नाहीत. ठकीने बाहेरून ढकलून पाहिलं, दार तसूभर हललं नाही. पुरुषमाणसं लांबच्या वाडीवर गेली आहेत. हे पत्र गजातून तिच्या हाती देते. ती लाहूला देईल आणि मग माणसं बोलवायला जाईल. दुपारपर्यंत येतील.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. तू सांगितलंस ते मी केलं, आता माझ्या अंगावर कपाट येणार नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. रविवारी येशील तेव्हा तुझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या करीन. आहेस तसाच माझा राहा.

तुझी,
ताई

ता. क. तांब्यातलं पाणी पहाटेपासून थांबलेलं नाही.