पाहुण्याचं चाक

सोमवार, ४ मार्च
मित्र ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे बाहेरगावी गेला. जाताना आपला हॅमस्टर आमच्याकडे ठेवून गेला. पिंजरा, पळायचं चाक, दाण्यांचा डबा, वर सूचनांचा पाढा. म्हणाला, दिवसा झोपतो आणि रात्रभर धावतो, तेवढं सांभाळून घे. मी म्हटलं, अरे, मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. ज्यांना डावं-उजवं कळत नव्हतं ते आज ट्रक हाकतायत. मूठभर जनावराला रात्री झोपायला शिकवणं हातचा मळ. परत येशील तेव्हा ओळखणार नाहीस.

मंगळवार, ५ मार्च, पहाटे साडेतीन
कुईं, कुईं, कुईं. पिंजरा स्वयंपाकघरात आहे, पण चाक माझ्या डोक्यात फिरतंय. हिला उठवायला वळलो तर ही अंथरुणात नाही! स्वयंपाकघरात स्टुलावर बसून पाहुण्याला काकडी भरवत होती. नऊच्या ठोक्याला घोरणारी बाई. मी तापाने फणफणलो होतो तेव्हा गोळ्या कुठे आहेत ते हिने कूस न बदलता सांगितलं होतं. असो. हेवा वगैरे अजिबात नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

बुधवार, ६ मार्च
संकल्प: पाहुण्याला दिवसा जागं ठेवायचं. रात्री आपोआप आडवा होईल. दुपारी मुद्दाम घरी आलो, पिंजऱ्यावर टकटक केली. ढिम्म. बोट आत घातलं. चावला.
ही म्हणाली, झोपू द्या हो बिचाऱ्याला, रात्रभर दमतो. दमतो! मी दिवसभर शिकाऊ लोकांच्या क्लचचे हिसके खातो, मी कधी दमलेला दिसलो नाही कुणाला.
रात्री जेवताना सांगत होतो की एका विद्यार्थ्याने आज गाडी दुभाजकावर कशी चढवली. ही म्हणाली, हं. पाहुण्याने गालात दाणे कोंबले तर हसून हसून डोळ्यांत पाणी. मीही शेंगदाणे गालात कोंबून बघितले. ठसका लागेल, म्हणाली.

शुक्रवार, ८ मार्च, रात्री एक
ही त्याच्याशी बोलते. तासतासभर. दाराला कान लावला, पण चाकाच्या आवाजात काही कळत नाही. एवढंच ऐकू आलं: तुला म्हणून सांगते.
तुला म्हणून! इतक्या वर्षांच्या संसारात मला तुम्हाला म्हणून असं काही सांगितल्याचं आठवत नाही. मला सांगते ते गॅस संपल्याचं.

शनिवार, ९ मार्च
चाकाच्या दांडीला खायच्या तेलाचे दोन थेंब घातले. हेतू शुद्ध आहे. शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये.

त्याच रात्री
चाक लोण्यासारखं फिरतंय. सगळं ऐकू आलं. ही त्याला सांगत होती, आज सर म्हणाले, तुमचा हात हलका आहे. आणि चुकलं तरी एकदाही ओरडले नाहीत.
कोण सर? हात हलका कशात? शिवणकामात? चित्रकलेत? सकाळी एक जुडी पालेभाजी आणायला हिला दीड तास का लागतो, हे कोडं आता सुटायला लागलंय. अंगाचा तिळपापड झाला. पण संशय घेणं माझ्या स्वभावात नाही. उद्यापासून फक्त लक्ष ठेवणार.

सोमवार, ११ मार्च
ही भाजीला गेल्यावर पाहुण्यालाच उठवून विचारलं, सर कोण? काकडीची लाच दिली. काकडी घेतली आणि घरट्यात शिरला. त्याला सगळं माहीत आहे, हे त्याच्या पाठीवरूनच कळत होतं. माझ्या घरात, माझ्या काकडीवर वाढलेलं गुपित!

मंगळवार, १२ मार्च, रात्री बारा
ऐकलं. नसतं ऐकलं तर बरं झालं असतं.
ही म्हणत होती, परवा परीक्षा आहे रे. गाडीने आठचा आकडा काढता येतो, पण चढावर हाफ क्लचला गाडी मागे सरकते. ह्यांना सांगू नकोस हं. एकदा शिकवायला बसले होते, तर भर चौकात असे ओरडले की मी तिथेच उतरून चालत घरी आले.
सर म्हणजे चौकापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलचा टकल्या! माझ्याखेरीज इथे तेवढं एकच स्कूल. माझी बायको, आणि त्याच्याकडे! दारावर माझी एवढी मोठी पाटी! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.
त्या दिवशी मी ओरडलो नव्हतो. समजावून सांगत होतो. चौकात गोंगाट असतो, आवाज चढवावा लागतो.
हँडब्रेक ओढून हळूहळू सोडायचा, एवढं साधं आहे. दाराआडून सांगणारच होतो. स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. पोटात दुखायला लागलं. टकल्याला जमलं याचं नव्हे, त्या मूठभराला आधी कळलं याचं.

शनिवार, १६ मार्च
मित्र आला. ही म्हणाली, पिंजरा पोचवायला गाडी मी चालवणार, लायसन मिळालंय. मी आश्चर्याने थक्क झालो. फार झालो बहुतेक, कारण ही म्हणाली, तुम्हाला माहीत होतं ना?
गाडी माझ्या स्कूलचीच, शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असलेली. पहिल्याच वळणावर माझा पाय आपोआप गेला. ही म्हणाली, पाय वर घ्या. उरलेला रस्ता सीटवर मांडी घालून बसलो, मांडीवर पिंजरा. चढ आला. मी डोळे मिटले. गाडी बोटभरही मागे गेली नाही. पाहुणा शांत झोपला होता.
मित्राने विचारलं, लागलं का वळण याला? मी म्हटलं, बरंचसं.
परत येताना हिचे डोळे ओले होते. पाहुण्यासाठी. मी म्हटलं, मी आहे ना. ही म्हणाली, हं.

रविवार, १७ मार्च, पहाटे दोन
घरात इतकी शांतता की झोप येईना. स्वयंपाकघरात जाऊन पिंजऱ्याच्या जागेपाशी बसलो, काकडी कापून घेतली. थोड्या वेळाने ही आली. सवयीने आली असणार. स्टुलावर बसली.
आणि बोलायला लागली. मला! म्हणाली, काल सिग्नलला मागचे हॉर्न वाजवत होते तरी हात थरथरला नाही. म्हणाली, आता आईकडे जायला तुमच्या सुट्टीची वाट बघायला नको. किती वेळा बॅग भरून पुन्हा रिकामी केली, तुम्हाला कुठे माहीत आहे.
मी पाहुण्याचंच धोरण पाळलं. काकडी खायची, बोलायचं नाही. फार बरं वाटत होतं. वाटलं, सकाळ होऊच नये.
मग ही म्हणाली, आईच्या घरापाशी मोठा उतार आहे, तिथे गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की पेट्रोल वाचेल.
न्यूट्रल? उतारावर? कुठल्या गाढवाने शिकवलं तुला, असं मी म्हणालो. समजावून सांगितलं, म्हणजे. शेजारच्यांचा दिवा लागला.
ही उठली, आमचा दिवा बंद केला आणि झोपायला गेली.
उतारावर गाडी गिअरमध्येच हवी, नियमाप्रमाणे माझंच बरोबर आहे. सकाळी मित्राला फोन करून विचारायला हवं, पुन्हा बाहेरगावी कधी जाणार.