लाइट गेल्यावर भरलेली गाडी

बाबा, तू असतास तर आज तुझ्याशी कडाकडा भांडले असते आणि जिंकले असते. जुन्या हायवेवरचं तुझं बॅटरीचं दुकान अजून डोळ्यांसमोर आहे. ट्रकवाले बॅटऱ्या आणून टाकायचे, तू त्या चार्जिंगला लावायचास आणि पनवेलची लाइट जायची. मग दुपारभर त्यांच्या शिव्या, आणि तुझं एकच उत्तर, "आडातच नाय तं पोहऱ्यात कुठनं येनार?" मी कॉलेजातून आलेली, जेवताना तुला सांगते आहे की रात्री लाइट असते तेव्हा एक मोठी बॅटरी भरून ठेव, दुपारी तिच्यातून बाकीच्या भर. आई बोंबलाचं कालवण वाढताना थांबली. तू हसलास. "बॅटरीतनं बॅटरी? म्हंजे या खिशातलं त्या खिशात. धंदा मी करतो का तू?" मी ताटावरून उठले. पुढे तू गेलास आणि भांडण तसंच राहिलं.

तर ऐक. पनवेलशेजारी विचुंब्यात माझी शेड आहे आणि तिथे नेमकं तेच चालतं. विजेवरच्या मोटारी आल्यात, पण त्या भरायला रात्र जाते, म्हणून लोक घ्यायला कचरतात. आमचं यंत्र रात्रभर लाइनमधून थोडी थोडी वीज घेऊन साठवतं आणि गाडी आली की चहा-वडा होईस्तोवर तिला भरून देतं. गाडीतली बॅटरीही आमचीच, घाई सोसणारी. कौतुक सगळे करायचे, पैसे घालायची वेळ आली की "अशा गाड्या रस्त्यावर आहेत किती?" म्हणून निघून जायचे. परवा आले ते शेवटचे गुंतवणूकदार. त्यांनी नाही म्हटलं असतं तर महिनाअखेरीला शेड बंद करून कामावरच्या पोरांना घरी पाठवायचं ठरलं होतं.

ते गृहस्थ मुंबईचे, बोलायला सरळ. रिकामी गाडी आम्ही त्यांच्यासमोर चार्जिंगला लावली. "टेक्नॉलॉजी छान आहे, मॅडम. पण इथल्या लाइनचा काय भरवसा? माझे पैसे बुडतील."

मी म्हटलं, "गाड्या आधी की चार्जर आधी, हे बघत बसलात तर या नाक्यावर दुसराच कोणी बसेल. पुण्याला जाणारा पनवेलला चहाला थांबतोच."

ते हसले, पण बधले नाहीत. मी चहा सांगायला बाहेर गेले. परत येते तो पंखा थांबलेला, ट्यूबलाइट गेलेली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतंय, बघा, मी सांगितलं नव्हतं? गाडीतला चार्जिंगचा आकडा मात्र चढतच होता. ते उठले, काचेतून वाकून बघत राहिले, चहा गार झाला तरी हलेनात. गाडी भरल्यावर स्वतः पुढच्या नेरे गावापर्यंत चालवून आणली आणि किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "पेपर्स करायला घ्या." मी शेडमागे जाऊन आधी रडले, मग पोट दुखेपर्यंत हसले. जिंकले रे बाबा, आणि ऐकायला तू नव्हतास याचा भयंकर राग आला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुला एकट्याला सांगते. विचुंब्याची लाइट रोज दुपारी जाते. परवा मेली जाईचना. मेन स्विच मीच पाडला.