दगडाचा आवाज

आबा, आज शेडमध्ये एक गोष्ट झाली आणि तेव्हापासून माझं कशातच चित्त नाही. चहा टाकला तो उतू गेला, तव्यावरची भाकरी करपली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुम्हाला लिहून काय उपयोग, असं म्हणत हा कागद बाजूला सारते आणि पुन्हा ओढून घेते. एकच विचारायचं आहे. तुम्हाला ऐकू येत होतं का?

तुमच्या हाताखाली यायला लागले तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. कॉलेज संपवून मी घरी बसले होते आणि आईच्या डोळ्यांसमोरून हलायचं म्हणून जळगावच्या एमआयडीसीतल्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसायचे. धुळ्याच्या ओतकाम कारखान्यातून पोलादाचे भाग यायचे. ओतताना राहिलेले कोंब, कडेला फुटून आलेलं जास्तीचं पोलाद ग्राइंडरवर घासून काढायचं, एवढाच आपला धंदा. ग्राइंडरच्या चाकाला शेडमध्ये सगळे दगडच म्हणायचे. एकदा खडी फोडायच्या यंत्राचे हातोडे आले, अंगचंच चिवट पोलाद. तुम्ही मला दगड निवडायला सांगितलंत आणि मी ऐटीत फळीवरचा सगळ्यात कडक दगड काढून आणला. तुम्ही पोट धरून हसलात. "कडक लोखंडले कडक दगड? दोन्ही हट्टी! मंग काम कोन करी?" मग स्वतः उठून मऊ दगड काढलात. कडक दगडाचे कण बोथट झाले तरी सुटत नाहीत, दगड नुसता चमकतो आणि खालचं पोलाद जळून निळं पडतं. मऊ दगडाचे बोथट कण गळून पडतात, खाली नवे धारदार कण उघडे होतात. तुमच्या भाषेत, "जो झिजस, तोच कापस." धुळ्याकडची अहिराणी तुम्ही शेवटपर्यंत सोडली नाहीत. आई म्हणायची, हा माणूस देवाशीही अहिराणीतच भांडेल.

दगड निवडला की तो वाजवून बघायचा. बाजारात माठ घेताना वाजवतो तसा, हातोडीच्या लाकडी मुठीनं हलकेच. खणखणला तर धड, बद्द वाजला तर आत तडा. तडा गेलेला दगड फिरता फिरता फुटला तर समोरच्याचं काय होतं, ते तुम्ही एका कामगाराच्या बाबतीत पाहिलं होतं आणि त्याबद्दल कधी बोलत नव्हता. वाजवायचात तुम्ही, पण ऐकायला दरवेळी मला सांगायचात. "तू आयक." मी विचारलं, मीच का? तर म्हणालात, "शिकी ले."

आणि मग तो दिवस. धुळ्याच्या कारखान्याचा मालक स्वतः नवा दगड घेऊन आला होता. माल घाईचा होता, दगड त्याचा, काम त्याचं. तुम्ही मूठ मारलीत, माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, बद्द वाजतोय. मालक हसला. "आबा, आता पोरीच्या सांगण्यावर धंदा करणार का? मला तर चांगला वाजलेला ऐकू आला." तुम्ही दगड त्याच्या हातात परत दिलात. "ती सांगस ना, मंग हाऊ दगड लावाना नही." तो तणतणत माल उचलून गेला, आणि बराच काळ त्याचं काम आपल्याकडे आलं नाही. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत.

त्या एका वाक्यावर मी जन्म काढला, आबा. त्याच आठवड्यात धुळ्याहून आलेल्या स्थळाला मी नकार दिला. तुम्ही ग्राइंडरवर होतात, ठिणग्या उडत होत्या. मी ओरडून म्हटलं, "आबा, मला लग्न नाही करायचं. ही शेड मी बघेन." तुम्ही मान न वळवता म्हणालात, "हं." आईनं पुढे कितीदा विचारलं, मी दरवेळी म्हटलं, आबांनी हो म्हटलंय.

गेल्या वर्षापासून माझा उजवा कान गेल्यातच जमा आहे, डावाही मंदावलाय. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर ग्राइंडरजवळ राहिलात, बारीक आवाज आधी जातात. आज नवा दगड वाजवला. खण्ण नाही, बद्द नाही, काहीच नाही. मूठ हातात धरून उभी राहिले आणि एकेक आठवायला लागलं. आई स्वयंपाकघरातून तीनदा हाक मारायची. रेडिओ गल्लीला ऐकू जायचा. कुणी बोललं की तुम्ही त्याच्या ओठांकडे पाहायचात, ते मला लक्ष वाटायचं. म्हणजे तो दगड तुम्हाला ऐकूच आला नव्हता. तुम्हाला वारस नको होता, नुसते कान हवे होते. आणि ते "हं"? तेही तसंच, न ऐकता? मला राग आला, आबा. तुमच्यावर आला, मग स्वतःवर, आणि तो अजून उतरलेला नाही.

पण पुढचं सांगते. धाकट्या भावाची मुलगी डिप्लोमा करून आता माझ्याबरोबर शेडमध्ये असते. ती पार दाराशी माल मोजत होती. माझ्या हाताशी दोन जुनी माणसं उभी होती, दोघांचेही कान शाबूत. मी तिलाच हाक मारली. "तू ऐक." ती धावत आली. "मीच का, आत्या?" म्हणाली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शिकून घे." तिचा चेहरा असा फुलला की मला खाली बघावं लागलं.

मला ऐकू येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही.