बाहेरची रांग

मंगळवार, ११ मार्च, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीच्या गुडघ्याला आराम पडला का? आमच्याकडे सगळं ठीक. लेकीची परीक्षा चालू आहे, त्यामुळे घरात खोकायचीही चोरी.

शनिवारी तू मला चौकीतून सोडवलंस, त्याबद्दल तुला काहीच बोलले नाही. काल आमच्या संघटनेतल्या एकाने तुला फोनवर वाटेल ते सुनावलं म्हणे. "बहिणीला तेवढी परस्पर उचलून नेलीत, बाकीच्या काय माणसं नाहीत?" तू मुकाट ऐकून घेतलंस. उलटून बोलला असतास, तर मला इतकं लागलं नसतं.

तू नेहमी विचारतोस, "इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बायकांना हातमोजे मिळोत न मिळोत, तुझं काय अडलंय?" मी दर वेळी न्यायावर व्याख्यान झोडते. खरं सांगू? मी गेले की त्या सरकून जागा करतात. "बाई आल्या, बाई आल्या!" कॉलेजात किंवा घरात माझ्या येण्याने कुणाचा चेहरा असा उजळत नाही. न्यायाचं खोटं नव्हतं रे. पण तेवढ्याचसाठी जात होते, असं म्हणवत नाही.

इस्पितळाच्या फाटकावर आमचं धरणं चालतं, त्यात एक रीत आहे. माझ्यासारख्यांनी बाहेरच्या रांगेत बसायचं. आमच्यावर काठी उगारताना पोलीस विचार करतात. चादरी धुणारी एक थोरली आहे, ती म्हणायची, "बाई, तुमचं बरंय. तुम्हाला धक्कासुद्धा 'सॉरी मॅडम' म्हणून मारतात." सगळ्या खिदळायच्या. मीही हसायचे, जरा मिरवतच.

शनिवारी आम्हा पाचजणींना नेलं. आत गेल्यावर हवालदारीण एकट्या मलाच म्हणाली, "मॅडम, घरी फोन करायचाय?"

"करा, बाई, करा," थोरली म्हणाली. "भावाला आमचंही सांगा. हिचं तान्हं घरी आहे."

फोन साहेबांच्या खोलीत होता. दार लोटलेलं होतं. तू विचारलंस, "बरोबर कोण कोण आहे?"

मी म्हटलं, "कुणी नाही. एकटीच आहे."

पाचजणींसाठी तू शब्द टाकशील की नाही, खात्री नव्हती. एकीसाठी टाकशील, ही होती. मला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं, दादा. सुटून फाटकापाशी आल्यावर सगळ्यांनी गराडा घातला, तेव्हा म्हणाले, "दादाने परस्पर सोडवलं. मी नकोच म्हणत होते." त्यांनी माझी पाठ थोपटली.

त्या चौघी अजून आत आहेत. दुपारी जामिनासाठी पुन्हा कोर्टात नेणार आहेत. तान्ह्याला शेजारीण वरचं दूध पाजते, ते घेत नाही.

फोनवर तू "जाऊ दे गं" म्हणाला असतास आणि मी जाऊ दिलं असतं. म्हणून हे लिहून तुझ्या ऑफिसात ठेवते आणि तशीच फाटकावर जाते. खोटं कोण बोललं, ते सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू कोर्टात ये. चौघींसाठी जामीन म्हणून उभा राहा. नाही आलास तरी तुला बोल लावायचा हक्क मला उरलेला नाही.

तुझी बहीण
(तिथे अजून 'बाई' म्हणतात. संध्याकाळी काय म्हणतील, ठाऊक नाही.)