समासातली भेट

प्रिय ढब्बू,

रुसले नाहीये गं. तुझे फोन येतात आणि मी उचलत नाही, त्याचा तू नक्कीच काहीतरी वाकडा अर्थ काढला असशील. तुला मी ओळखत नाही का? लेक लांब नोकरीला गेल्यापासून घर फार मोठं झालंय. शेजारीण यायची गप्पा मारायला, तीही हल्ली दारातूनच हात हलवून जाते. माझ्याशी बोलून दमते बिचारी. करमत नाही, खरं सांगते.

म्हणून निवृत्तीनंतर पुन्हा अभ्यासाला बसलेय. हसू नकोस. पुस्तक नवंकोरं, चित्रं सुबक, पण डोक्यात काही शिरेल तर शपथ. मग आपलं नर्सिंगचं ते जाडजूड पुस्तक आठवलं. दोघींत एकच. तुझी सकाळची पाळी, माझी दुपारची, त्यामुळे भेट व्हायची ती समासातच. हृदयाच्या झडपा मला काही केल्या कळेनात, तेव्हा मी पेन्सिलीने लिहिलं, ‘हे काय आहे बाई?’ दुसऱ्या दिवशी तिथे तू काढलेलं वसतिगृहाचं फाटक, आणि फाटकात कमरेवर हात ठेवून वॉर्डनबाई. खाली तुझं अक्षर, ‘एकदा बाहेर, परत आत नाही.’ पुढे नोकरीभर ठोके ऐकायला कुणाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की मला बाईच दिसायच्या. तू औषधाचं प्रमाण चुकीचं लिहिलंस म्हणून मी खोडलं, त्यावर तू भांडलीस, आणि मग पुन्हा गणित मांडलं तर दोघीही चुकलेल्या. पुस्तक पुढच्या मुलींना दिलं, तर त्यांनी त्या चित्राखाली भर घातली, ‘बाई अजून तशाच.’ एकटीने वाचलं असतं तर मी नापासच झाले असते.

सांगायचं टाळत होते, ते आता सांगून टाकते. मला ऐकू येईनासं झालंय. आधी दाराची घंटा गेली, मग लेकीचा फोनवरचा आवाज. आता यंत्र लावूनही नुसती खरखर. सोबत पाठवतेय ते पुस्तक खुणांच्या भाषेचं आहे. आरशासमोर बसून शिकले, तर डावं-उजवं सगळं उलटं बसलं. अडलं तिथे समासात लिहून ठेवलंय. तू उत्तरं लिही, चित्रं काढ, माझं चुकलेलं खोड, तुलाही कळलं नाही तर तसंच लिही, आणि पुस्तक परत पाठव. मग पुन्हा मी लिहीन. हवं तर भांड. पण माझ्याबरोबर तूही शीक गं. मी एकटीने सगळं पाठ केलं, तरी बोलू कोणाशी?

तुझीच,
टकळी