दोन्ही कप सारखेच

४ मार्च

प्रिय खारूताई वन्सं,

स. न. वि. वि.

पेन्सिली कुरतडायची सवय सुटली का? शाळेत तुला खारूताई म्हणायला लागले ती मीच. पुढे तू माझी नणंद होशील हे ठाऊक असतं तर जरा जपून बोलले असते.

पत्राचं कारण तुझा दादा. हसू नकोस, पण हे मला चहातून काहीतरी देतात असा मला दाट संशय आहे. जन्मभर चहा चाखायची नोकरी केली, पण घरात कधी पाण्याचं भांडं गॅसवर ठेवलं नाही. ऑफिसात कपांच्या रांगेपुढे उभं राहून फुर्र करून घोट ओढायचा, थुंकायचा, शेरा द्यायचा, आणि घरी आयता चहा. आता महिनाभर रोज दुपारी लवकर येतात, स्वतः हिरवा चहा करतात, माझ्यापुढे दोन छोटे कप ठेवतात आणि फरक वाटतो का म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

परवा बूट-पॉलिशच्या डबीमागे एक बाटली सापडली. वर लिहिलंय थिअनिन, खाली ‘शांत झोपेसाठी’. कॅप्सूलची रिकामी टरफलं खिडकीतल्या कुंडीत. आतली पूड कुठे गेली ते सांगायला नको. यांना तर उशीला डोकं टेकताच झोप लागते, मग झोपवायचंय कुणाला? मला हल्ली दुपारी डुलक्याही येतात.

खरं सांगायचं तर एक कप वेगळा लागतोच. मऊ, गोडसर, भाज्या उकडलेल्या पाण्यासारखा. पण मी कसली ताकास तूर लागू देते! रोज सांगते, दोन्ही सारखेच. ते ऐकून यांचा चेहरा असा खुलतो की विचारू नकोस. बायकोला कळलं नाही म्हणून एवढा आनंद?

आणखी एक. हे हल्ली चहा पिताना आवाज करत नाहीत. लग्न ठरायच्या वेळी आमच्या घरी यांचा पहिला फुर्रका ऐकला, तेव्हा मला आपल्या शाळेतल्या सिस्टर आठवल्या होत्या, सूपचा आवाज झाला की बोटांवर चमचा मारणाऱ्या. इतकी वर्षं मी त्या आवाजावर कटकट केली. आता तो नाही, तर घर परकं वाटतं.

तू औषधांच्या दुकानात उभा जन्म काढलास. हे काय आहे ते लवकर कळव. लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.

तुझी,
वहिनी

१० मार्च

सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. (आणि मैत्रीण म्हणून एक चिमटा.)

थिअनिन म्हणजे विष नव्हे. ते चहाच्या पानातलंच एक अमिनो आम्ल. हिरव्या चहाचा जो मऊ दाटपणा तुला लागला, तो बराचसा त्याचाच. तेच कॅप्सूलमध्ये भरून विकतात. मन निवांत व्हावं, झोप यावी म्हणून लोक घेतात; कुणाला गुण येतो, कुणाला नुसतं तसं वाटतं. पण तुझी रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो कप तोंडाला लावू नकोस.

मला खटकतं ते निराळंच. चोरून काही पाजायचं, तर दोन कप पुढे ठेवून फरक विचारतं का कुणी? आणि दादाला तेवढी लबाडी जमत असती, तर लहानपणी त्याचा खाऊ रोज मला मिळाला नसता. हिवाळ्यातल्या त्या तापापासून मात्र तो मला बरा वाटत नाही. फोनवर जेवायला काय होतं विचारलं की विषय बदलतो.

एक कर. एके दिवशी चहा तू कर आणि त्याच्या कपात चांगलं चमचाभर मीठ घाल. मग काय होतं ते मला कळव. माझ्यावर राग नको, लोभच असू दे.

तुझी,
खारूताई

१७ मार्च

प्रिय खारूताई,

स. न. वि. वि.

मीठ घातलं. यांनी कप संपवला आणि चहा छान झालाय म्हणाले.

मीठ घातल्याचं सांगितलं तेव्हा आधी उडवाउडवी केली, मग सगळं बाहेर आलं. तापानंतर चव गेली, ती आलीच नाही. ऑफिसात कुणाला पत्ता नाही. पानाचा रंग बघून आणि शेजारी चाखणाऱ्यांचे चेहरे बघून शेरे देतायत. सगळं गेलं तरी हिरव्या चहातला तो दाटपणा तरी जिभेला कळत असेल, एवढी आशा. म्हणून ती बाटली. साध्या चहात दोन-तीन कॅप्सूल फोडून बघितल्या, काही लागेना. मग शंका आली, खोट जिभेत की बाटलीत? असल्या बाटल्यांत पीठ भरून विकतात म्हणे. ते ठरवायला माझी जीभ लागली.

आणि मी शहाणी रोज सांगत राहिले, दोन्ही सारखेच! म्हणजे बाटली खोटी, जीभ शाबूत. माझ्या त्या दोन शब्दांवर हा माणूस ताठ मानेने ऑफिसला जात राहिला. मिठाचं कळल्यावरही म्हणाले, खारट मला पहिल्यापासूनच कमी लागतं, पण कप सारखे आहेत असं तूच म्हणालीस ना? असं बघत होते माझ्याकडे, की माझ्याने खरं बोलवेना.

पुढच्या आठवड्यात नव्या हंगामाचा माल येतोय. कुठल्या मळ्याचा चहा घ्यायचा, कुठला परत पाठवायचा, ते यांच्या एका घोटावर ठरतं. गप्प बसले तर हे अंदाजाने निकाल देतील आणि कुणाची तरी वर्षभराची मेहनत फुकट जाईल. बोलले तर यांची जीभ मीच छाटल्यासारखं होईल. तुझ्या उत्तराची वाट बघत बसले तर धीर सुटेल. उद्याच सांगते. तुझी माया पाठीशी असू दे.

तुझी,
वहिनी

२९ मार्च

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद.

मिठाची अक्कल तुझी, हे मला कळलं आहे. मोठ्या भावाला असं पकडतात का?

वहिनीने दोन कप पुढे ठेवले, एकावर बोट ठेवलं आणि पूड यात आहे, मला रोज कळत होतं, असं म्हणाली. मी फार चिडलो. इतके दिवस खोटं का बोललीस म्हणून ओरडलो. तिने उलट विचारलं की बाटली बूट-पॉलिशच्या मागे कुणी लपवली.

माल यायच्या आत साहेबांना सांगून टाकलं. डॉक्टर म्हणतात, चव येईल किंवा येणारही नाही. तोवर मी नव्या लोकांना पान ओळखायला शिकवतो आणि रांगेपुढे माझ्या हाताखालची मुलगी उभी राहते. तिचा फुर्रका माझ्यापेक्षा चांगला आहे, पण ते मी तिला इतक्यात सांगणार नाही.

दुपारी घरी मात्र आमची कपांची रांग लागते. पुडीशिवाय. घोट हवेसकट जोरात ओढला नाही तर चहा जिभेभर पसरत नाही, हे मी वहिनीला समजावलं. ती आधी दार लावते, मग खिडकी, मग तुमच्या त्या सिस्टरांची माफी मागते आणि असा फुर्रका मारते की शेजारचा कुत्रा भुंकतो. मग डोळे मिटून सांगते. काल म्हणाली, आधी ओल्या गवतासारखा, मग भाजलेल्या दाण्यासारखा आणि शेवटी, न सांगता निघून गेलेल्या पाहुण्यासारखा. आमच्या ऑफिसात असला शेरा कुणी लिहून घेणार नाही. पण तो चहा मला माहीत आहे, खारे. मी तो प्यायलेला आहे.

बाकी सर्व क्षेम. फक्त मी ओतलेला कप ती अजूनही आधी माझ्या कपाशी बदलून घेते.

आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा