निळ्या रंगाचा उरलेला डबा

एकोडी, रविवार, दिवेलागण

घराची रंगरंगोटी आटोपली आणि निळ्या ऑइलपेंटचा अर्धा डबा उरला. हे म्हणाले, "नालीत ओतून देतो."

मी डबाच धरून ठेवला. "नाली तलावात जाते. गावच्या म्हशी तिथंच पाणी पेतात. कायले ओतता?"

जरा जोरातच बोलले का? असो. मग शेजारच्या यमुनाकाकूंना विचारलं, तुमच्या दाराला निळा चालेल का? काकू लाजल्या. "माह्या दाराले आजवर रंग नाही लागला बाई."

सकाळीच यांनी ते दार रंगवलं. तळाशी उरला त्यात राख कालवून डबा अंगणात उघडा ठेवलाय. सुकला की कचरागाडीत देईन.

काकू अजून दारासमोर खुर्ची टाकून बसल्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हात नको लावू, ओला हाये!"

रंग कधीचाच वाळलाय.